पिंपळदऱ्याचा जुना हार्वेस्टर

१३ जुलै, रविवार

मंडळाच्या मीटिंगमध्ये आज आमच्या ह्यांनी बॉम्बच टाकला. ‘ह्यांनी’ कशाला? वहीत तरी नाव घ्यायला काय हरकत आहे! हौसेराव. लिहिलं. घर पडलं नाही.

तर हौसेराव. पिंपळदरा ग्रामस्थ मंडळ, नेरूळ, याचे अध्यक्ष. मार्केटात आयुष्यभर पोती वाहिली, टोळीचे मुकादम होऊन रिटायर झाले, आणि आता घरी बसून माझ्या डब्यांच्या धंद्यात मला अक्कल शिकवतात. आजची मीटिंग गावच्या देवळापुढच्या सभामंडपासाठी होती. वर्गणी जमलेली, नकाशा तयार, फक्त नारळ फोडायचा बाकी. आणि हे उठून म्हणाले, मंडप राहू दे. गावाला भात कापायचं मशीन घेऊ. नवं परवडायचं नाही, जुनं बघू. हार्वेस्टर!

 सगळे एकदम बोलायला लागले. देवाचा पैसा मशीनला कसा, डोंगरातल्या खाचरांत मशीन चालतं का, जुनं घेतलं आणि बंद पडलं तर कोण जबाबदार. हौसेराव ऐकत उभे. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, “मंडपात बसायला माणसं लागत्यात. शेतं गेली की माणसं जाणार. मग मंडपात बसायचं कुणी? आपुन, वर्षातनं दोन दिवस?”

आता खरं काय ते लिहिते. दिवाळी झाली की इथले सगळे चार दिवस रजा टाकून भात कापायला गावी जायचे. दरवर्षी एकेक गळत गेला. गेल्या साली आमच्या घरातून आम्ही दोघंच. मजूर पैसे देऊनही मिळत नाही. कापायला उशीर झाला आणि निम्मं भात खाचरातच झडलं. माझे धाकटे दीर, शिवराम भावजी, गाव धरून राहिलेत. ते तेव्हाच म्हणाले होते की आता एकच पीक घेणार, मग जमीन प्लॉटवाल्याला. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं आहेत. पण हौसेरावांनी त्यांना पूर्वीच सांगून ठेवलंय, कसणारा तू, ठरवणारा तू. म्हणजे भावजींनी म्हटलं तर हे सही करणार. आणि आमची खाचरं दऱ्याच्या तोंडाशी आहेत. ती गेली की मागच्यांची वाट गेली, गावच गेलं!

बायकांच्या भिशीचे पैसे वर्गणीत आहेत, म्हणून बायकांचंही मत विचारलं. मी हात वर केला. माझं बघून बाकीच्यांनी केला. तीन जणांची खरेदी कमिटी झाली. हौसेराव, कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करणारा विश्वजित, आणि बायकांतर्फे मी. नवरा-बायको एका कमिटीत! निदान भांडायला वेगळी मीटिंग बोलवायला नको.

घरी येताना वाटत होतं की म्हणावं, आज तुम्ही फार छान बोललात. म्हटलं काय, तर येताना कोथिंबीर घेतली असती तर बरं झालं असतं.

१४ जुलै

आमटीत मीठ दोनदा पडलं. दोन डबे परत आले. डोक्यात हार्वेस्टर!

१९ जुलै, शनिवार

कळंबोलीला गेलो. लोखंडाच्या बाजाराच्या मागे सुभाष म्हणून एकाचं यार्ड आहे. रब्बी संपली की उत्तरेकडच्या टोळ्या परत जाताना जुनी मशीनं विकून जातात, ती हा घेऊन ठेवतो. पाऊस, चिखल, आणि त्या चिखलात उभी ती धुडं. मी पहिल्यांदाच जवळून बघितली. चाकं माझ्या खांद्याएवढी!

बाजार उलटा आहे. मोठं मशीन स्वस्त, लहान महाग. मोठ्याला सपाट माळ लागतो आणि आता सगळ्यांच्याच जमिनी वाटण्या होऊन तुकडे झालेत, म्हणून जुन्या मोठ्याला गिऱ्हाईक नाही. लहान, रबरी पट्ट्यांवर चालणारं असतं त्याच्यावर सगळे टपलेले. विश्वजितचा जीव मोठ्यावर गेला. एवढ्या किमतीत एवढं मशीन, म्हणे. हौसेराव म्हणाले, हे आपल्या खाचरात वळायला गेलं तर शेजारच्या गावात जाऊन वळेल.

मग लहानांत एक लालभडक. नवाकोरा रंग, सीटवर प्लास्टिक. हौसेराव त्याच्यासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. इकडून बघतात, तिकडून बघतात, हात फिरवतात. मी ओळखलं! जवानीत बाजारात बैल बघून असेच पाघळायचे, असं सासूबाई सांगायच्या. सुभाषनेही ओळखलं. भाव सांगताना त्याचा आवाज गोड झाला.

मी उगाच खालून हात घातला, चाळणीच्या मागे. बोटाला खरखर लागली. वाकून बघितलं तर रंगाच्या खाली भाताचा तूस चिकटलेला. तुसावरूनच रंग मारलेला! कढई न घासता वरून पुसून ठेवणाऱ्या बाया मी पुष्कळ बघितल्यात. ज्यानं धुतलं नाही त्यानं उघडलं तरी असेल का? मी हे मोठ्यानं बोलले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं हौसेराव चिडणार. भर यार्डात बायकोने अडवलं! पण त्यांनी स्वतः हात घालून बघितला, बोटं धोतराला पुसली आणि सुभाषला म्हणाले की कमिटीला पसंत नाही. बास. वाटेत उसाचा रस पाजला मला. एवढ्या सरळपणे चूक कबूल करणारा पुरुष मी आमच्या घराण्यात दुसरा बघितला नाही, आणि हे मी त्यांना कधीही सांगणार नाही.

२० जुलै

हौसेरावांनी गावी फोन लावला. सगळे बांध मोजून ठेव, कुठून मशीन उतरेल बघून ठेव. शिवराम भावजींचं उत्तर, “बघा तुमचं तुमी. मंडळ तुमचं हाय.” आणि फोन ठेवला!

मला एवढा राग आला. जमीन वाचवायला थोरल्या भावाने पायाला भिंगरी लावायची आणि ह्या माणसाने तिकडे ओट्यावर बसून तोंड फिरवायचं. मनातून विकायचीच असेल. दगड आहे नुसता. हौसेराव मात्र रागावले नाहीत. म्हणाले, त्याची कंबर दुखत असेल.

२७ जुलै, रविवार

मिळाला!

सुभाषचा आदल्या दिवशी फोन आला होता की आणखी एक आहे, पण दिसायला बरा नाही. हौसेरावांनी त्याला बजावलं, आम्ही येईपर्यंत चालू करायचा नाही. पोचल्या पोचल्या इंजिनावर तळवा ठेवला. गार! तेव्हा कुठे हसले. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन एका झटक्यात सुरू होतं, खरी तब्येत गार असतानाच कळते. हे विश्वजितनेही सांगितलं, म्हणजे खरं असावं.

रंग उडालेला, सीट फाटून त्यात पोतं कोंबलेलं, एका बाजूला ठोकून सरळ केलेला पत्रा. तिसऱ्या वेळी खोकत सुरू झालं. काळा धूर आला, मग निवळला. हौसेरावांनी मशीन चिखलात पुढे-मागे चालवायला लावलं आणि स्वतः बाजूने वाकून चालत राहिले, पट्ट्यांकडे बघत. रबरी पट्टे सगळ्यात महाग, ते गेले की मशीन घेऊन लोणचं घालायचं. पट्ट्यांना चिरा होत्या, आरपार नव्हत्या. कापायची पाती एकेक बोटाने चाचपली. म्हणाले, दात चांगले आहेत.

मग त्यांनी पिशवीतून काय काढलं? गवत! पहाटे फिरायला म्हणून गेले होते ते सारसोळ्याच्या बाजूला जाऊन ओलं गवत कापून आणलं होतं, चांगला भारा. मी विचारत होते पिशवीत काय आहे, तर म्हणाले छत्री. सुभाष म्हणाला, काका, ओल्या गवताने अडकेल. हे म्हणाले, अडकू दे की. जनावर विकत घ्यायचं तर वैरण घालून बघायला नको?

घातलं. काय ते मशीन! एक दांडा ओढला आणि सगळं एकदम जिवंत झालं. पुढचा पाळणा फिरून गवत आत ओढतोय, पाती कापतायत, आतून धडधड येतेय आणि मागून पेंढा पडतोय. मी छत्री बंद करून बघत उभी राहिले, भिजले तरी कळलं नाही. आयुष्यात विळ्याने भात कापलंय मी. पहिल्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत. पाठीत काय होतं ते मला माहीत आहे, आणि हे यंत्र ते सगळं उभ्या उभ्या करत होतं! ज्याने कुणी पहिल्यांदा हे बनवलं त्याच्या आईला मी साडी नेसवीन.

दुसऱ्या भाऱ्याला आत कर्रकर्र आवाज आला. विश्वजितने उघडलं. आतला एक पट्टा सैल होता, बाकी ठीक. हौसेराव सुभाषला म्हणाले की चावतो बरा, एक दाढ ढिली आहे. सुभाषला हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळेना.

पावसात का घ्यायचं तेही आज कळलं. आत्ता सगळी मशीनं उभी आहेत, जागा अडवून गंजतायत. दसऱ्यापासून ज्याला त्याला हवं असतं आणि भाव पोचतो आभाळाला.

३ ऑगस्ट, रविवार

आज सौदा. आकडा मंडळाच्या वहीत आहे, इथे कशाला. पण कसा झाला ते लिहिलंच पाहिजे.

सुभाषने कॅल्क्युलेटर काढला. हौसेरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला. पोरगं दचकलं! तिशीतला, पनवेलचा, त्याने हे कधी बघितलेलं नाही. बैलबाजारात सौदा असाच व्हायचा. टॉवेलखाली बोटं दाबायची, तोंडाने आकडा बोलायचा नाही.

तर हौसेरावांनी त्याला आधी शिकवलं! अख्खं बोट म्हणजे लाख, पेर म्हणजे दहा हजार, मूठ दाबली की पटलं. सुभाषने विचारलं, काका, सरळ बोलायला काय होतं? तेव्हा जे सांगितलं ते मी लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, “बोलून खाली आलं की चारचौघांत माणूस खाली येतो. मग तो अडून बसतो. हितं कुणी बगत न्हाई. तू बी उतर, मी बी चढतो, लाज कुणाचीच जात न्हाई.”

समोरच्याला आपल्याशीच घासाघीस करायला शिकवणारं गिऱ्हाईक! विश्वजितने कपाळावर हात मारला. पण पुढची दहा-पंधरा मिनिटं आम्ही नुसते दोघांचे चेहरे बघत बसलो. सुभाष एकदा हसला, एकदा मान हलवली, एकदा हात ओढून घ्यायला गेला. हौसेरावांचा चेहरा म्हणजे बंद दुकान. शेवटी टॉवेल हलला, मुठी दाबल्या. आम्ही धरून चाललो होतो त्याच्या बराच खाली! वर सैल पट्टा नवा घालून द्यायचा आणि दिवाळी होईपर्यंत मशीन शेडखाली ठेवायचं.

मी घरी येऊन विचारलं, त्याने पहिलं बोट कुठलं दाबलं? म्हणाले, टॉवेलखालचं टॉवेलखाली. मी शिरा केला. तूप जरा जास्तच पडलं. पडू दे.

२८ ऑगस्ट

घरात गणपती, पाहुणे, आणि हौसेराव बाल्कनीत फोनवर ओरडतायत, “दोरी ताणून धर!” गावचा प्रत्येक बांध, प्रत्येक वळण फोनवरून मोजून घेतलं. शिवराम भावजींनी मोजून दिलं म्हणे. चार ठिकाणी बांध फोडून उतारही घातलेत. बोलायला नको पण, हूं की चूं नाही. कुणाला तरी मजुरी देऊन करून घेतलं असणार.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. भात पिकलंय पण पाऊस उघडत नाही. प्लॉटवाल्याचा माणूस गावात फिरतोय असं कळलं. शिवराम भावजींना म्हणे परवा दोनदा भेटला. हौसेराव जेवले नाहीत नीट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या निघायचं. ऊन पडलं. ट्रेलर ठरला, मशीनला हार घातला. डबे चार दिवस बंद, गिऱ्हाइकं कुरकुरतायत. कुरकुरू देत.

८ नोव्हेंबर, शनिवार. पिंपळदरा

हात दुखतोय, तरी लिहिते. आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी पोचलो. फाट्यावर गाव जमलेलं. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा स्वेटर घालून ऊन खात वाट बघितलेली. ट्रेलरवरून मशीन उतरलं, विश्वजित चालवत पुढे, मागे आम्ही. आणि कमानीपाशी थांबलं.

कमान! गावात शिरायच्या वाटेवर मंडळानेच बांधलेली, सोळा वर्षांपूर्वी. काळ्या दगडाचे दोन खांब, वर सासऱ्यांचं नाव, खांबांवर मुंबईकर देणगीदारांची नावं. आम्ही बांध मोजले, वळणं मोजली, खाचराची तोंडं मोजली. कमान कुणी मोजलीच नाही! आपलीच कमान, तिच्याखालून आपण वर नावं बघत जातो, रुंदी कोण बघतो? मशीनला दोन वीत जागा कमी. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला भावजींचा गोठा. पुढचा भाग सोडवता येत नाही, विश्वजितने खूप बघितलं.

कुणीतरी हसलं. हौसेराव खांबाला हात लावून उभे राहिले.  अध्यक्ष! एवढं सगळं बघून घेतलेलं मशीन स्वतःच्याच कमानीबाहेर उभं.

तेवढ्यात गर्दीतून शिवराम भावजी पुढे आले. मला वाटलं आता बोलणार, टोमणा मारणार. मारला असता तर मी गप्प बसले नसते. पण ते हौसेरावांच्या जवळ गेले आणि म्हणाले, “दादा, कमानीला हात लावू नगंस. आबाचं नाव हाय तिच्यावर. माझा गोठा पाडू. तिकडनं वाट हुईल.”

हौसेरावांनी विचारलं, “बैल कुठं बांधशील?”

“बांधीन उघड्यावर.”

हौसेराव कमानीकडे बघत राहिले. मीही बघितलं. आणि इतक्या वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. त्या नावांत शिवराम भावजींचं नाव नाही. गावात राहिलेल्या एकाचंही नाही. हे दगड भावजींनी स्वतःच्या बैलगाडीतून खाणीवरून आणले होते, मला आठवतंय. पण वर्गणी आमची, म्हणून नावं आमची. दगड आणणाऱ्याला पावती कोण देतं! मंडळ तुमचं, असं ते का म्हणतात ते मला आज त्या खांबासमोर कळलं. मला त्या क्षणी हौसेरावांचाही राग आला आणि स्वतःचाही.

हौसेराव म्हणाले, “आबाचं नाव शेतात हाय, शिवा. हितं नुस्ती आपली नावं हायती.”

मग ओट्यावर बसले आणि खांबावरचं एकेक नाव वाचत फोन लावत गेले. नेरूळ, तुर्भे, कोपरखैरणे. कमान पाडतोय, तुझं नाव आहे, तुझी परवानगी हवी. कुणी लगेच हो म्हणाले. कुणी भांडले. एकाने सांगितलं, रविवारी मीटिंग घ्या. त्याला म्हणाले, मीटिंग होईपर्यंत भात उभं राहतंय का ते विचारून सांग. त्यानेही होच म्हटलं. ज्यांची माणसं वारली होती त्यांच्या बायकामुलांना फोन केले. चिडले नाहीत, घाई केली नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे हार घालून घेणारा माणूस, अशीच माझी समजूत होती. आज वाटलं, ह्याच माणसाला अध्यक्ष म्हणावं.

शेवटच्या नावाची परवानगी मिळाली आणि हौसेराव उठले. पहार मागितली. ह्या वयात! मी नको म्हणाले. ऐकलं नाही. पहिला घाव स्वतःच्या नावावर घातला. मग भावजींनी दुसरी पहार घेतली. कंबर धरलेली, तरी घेतली. दोघं भाऊ दोन खांबांना, आणि मग सगळं गाव. आबांच्या नावाचा दगड तेवढा पोरांनी धरून अलगद खाली घेतला, भावजींनी तो उचलून घरी नेला. आम्ही बायकांनी दगड उचलून बाजूला लावले, त्यानेच हात दुखतोय.

ऊन कलायच्या आत मशीन गावात आलं. हौसेरावांनी विश्वजितला उतरवलं आणि भावजींना वर बसवलं. विश्वजित शेजारी उभा राहून दांडे दाखवत होता. भावजी एकदाही हसले नाहीत. पण आमच्या खाचराशी पोचल्यावर उतरताना त्यांनी मशीनच्या पत्र्यावर हात फिरवला.

९ नोव्हेंबर, रविवार

कापणी! दव उतरल्यावर सुरू केलं. पहिल्या खाचरात एकदा अडकलं, विश्वजितने पाती साफ केली, मग जे सुटलं ते सुटलंच. ज्या खाचराला आम्हा दोघांना गेल्या साली दोन दिवस लागले, ते चहा उकळेपर्यंत मोकळं. भात पोत्यात, पेंढा मागे ओळीने. मी पोत्यात हात घातला. गरम होतं भात! बांधावर सत्तरीच्या म्हाताऱ्या बसून बघतायत, एक म्हणाली, हे आधी का न्हाई आलं, माझी कंबर ऱ्हायली असती.

हौसेराव बांधावरून मशीनच्या बरोबरीने चालत होते. अगदी पोरगं झालं होतं त्यांचं. मी पोटभर बघून घेतलं.

एकाच गोष्टीने डोकं फिरलं. दुपारी ऐन कामात शिवराम भावजी कपडे बदलून पाटणला निघून गेले. काम आहे म्हणे! शेतात लक्ष्मी उभी, सगळं गाव राबतंय आणि ह्यांना आजच काम. कालचं सगळं बघून मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार होते. अंधारून आल्यावर परतले. कुठे गेला होता, तर सांगितलं नाही. मी जाऊबाईजवळ बोलून दाखवलं. राजश्री गरीब आहे, खाली बघून भाकऱ्या थापत राहिली.

१२ नोव्हेंबर

काल नेरूळला आलो. दऱ्यातलं निम्मं भात घरात, उरलेलं ह्या आठवड्यात होईल. मशीन आता भावजी चालवतात. विश्वजित म्हणतो, हात बसलाय त्यांचा. निघताना हौसेरावांनी प्लॉटवाल्याचं विचारलं. भावजी म्हणाले, तो विषय संपला. एवढंच. आनंदाने सांगायचं तरी! हौसेराव मात्र गाडीत झोपेतसुद्धा हसत होते.

डबे सुरू.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची मीटिंग. सोळा वर्षांच्या कमानीसाठी कुणी रडलं नाही. शेजारच्या दोन गावांच्या मंडळांनी विचारलंय, असा हार्वेस्टर कुठे मिळतो, काय बघून घ्यायचा. हौसेरावांनी अर्धा तास सांगितलं. गार इंजिन, पट्टे, पाती, पावसात खरेदी. शेवटी म्हणाले, आणि येताना गावची कमान मोजून या. सगळे हसले. तुसाची गोष्टही सांगितली, माझं नाव घेऊन. चारचौघांत, शालन म्हणून!

२३ नोव्हेंबर, रविवार

राजश्रीचा फोन. नव्या तांदळाचं पोतं पोचलं का विचारायला. बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं आणि मग रडायलाच लागली.

शिवराम भावजींनी प्लॉटवाल्याचा इसार जूनमध्येच घेतला होता. मंडळात हौसेराव उठले त्याच्या आधी! भाऊ तिकडे धडपडतोय म्हणून त्यांना बोलता येईना, आणि शब्द दिला म्हणून मोडताही येईना. कमान पडली आणि दुसऱ्या दिवशी पाटणला गेले ते सौदा मोडायला. मोडणाऱ्याने इसार दुप्पट परत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी बैलजोडी विकली. व्यापाऱ्याला सांगितलं, दादा-वहिनी गेल्यावर न्या.

मी हौसेरावांना सगळं सांगितलं.  डोळे पुसले. मग उठून चपला घातल्या.

“बैल कुणाला दिलं, विचार तिला.”